मीटर कोठे असावे?

इच्छापोरच्या रस्त्यावर उभे राहून चहूकडे दृष्टी टाकली असता वीज कोठून येते हे कोणास निराळे सांगावे लागत नाही. उच्च दाबाच्या तारांचे लोखंडी मनोरे आहेत, हजिऱ्याच्या बाजूस रात्रभर न विझणारे कारखान्यांचे दिवे आहेत, आणि याच पट्ट्यात कवास येथे वायूवर चालणारे सुमारे ६५६ मेगावॅट शक्तीचे वीजकेंद्र आहे. तापीच्या वरच्या अंगास गेले की काकरापारचे अणुवीजकेंद्र लागते. त्यातील ७०० मेगावॅटचे दोन नवे संच २०२३ व २०२४ साली रीतसर सुरू झाले. त्याहून पुढे उकाईचे धरण व त्याचे ३०० मेगावॅटचे जलविद्युत्केंद्र. आमच्या नववीच्या मुलांना ही सारी नावे तोंडपाठ आहेत. परंतु गेल्या वर्षी त्याच वर्गात आम्ही सहज विचारले, "काल तुमच्या घरी किती वीज खर्च झाली?" तेव्हा एकही हात वर झाला नाही. जरा वेळाने मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "बाई, बिल अजून आलं नाही."

उत्तर अगदी खरे होते. आमच्या भागात बिल दोन महिन्यांनी येते. म्हणजे चैत्रात कोणता पंखा रिकाम्या खोलीत फिरत राहिला त्याची वार्ता ज्येष्ठात कळावयाची, आणि तीही पंख्याचे नाव न घेता, एकाच ठोक आकड्यात. किराण्याच्या दुकानदाराने दोन महिन्यांचा माल देऊन शेवटी केवळ एकूण रक्कम लिहिलेली चिठ्ठी हाती दिली, तर कोणती गृहिणी ती मुकाट्याने घेईल? विजेच्या बाबतीत मात्र आपण ती निमूटपणे घेतो, "फार आले" म्हणून कुरकुरतो, आणि पैसे भरून मोकळे होतो.

आमचे बालपण गोव्यात पेडणे तालुक्यात गेले. घरातील न्हाणीत चुलीवर तांब्याचे मोठे भाण बसविलेले असे व सर्वांच्या स्नानाचे पाणी त्यातच तापे. पावसाळ्यापूर्वी पडवीत लाकडे रचून ठेवीत. शेजारी नारळाची सोडणे आणि वाळलेली चुडते. मृगात ती रास आमच्या डोक्याहून उंच असे. श्रावण सरता सरता ती आमच्या कमरेस येई. आजीला लिहिता-वाचता फारसे येत नव्हते, पण भाणाखाली लाकूड सारण्यापूर्वी तिची नजर एकदा त्या राशीवरून फिरे, आणि कोणी वाजवीपेक्षा अधिक पाणी ओतू लागले की ती म्हणे, "जाय तितलेंच उदक तापय गो." काटकसरीचे व्याख्यान तिने आम्हांस कधी दिले नाही. ती रासच रोज थोडी थोडी खाली उतरत सगळे सांगत असे.

घरोघरीच्या बायका ही दृष्टी अजून विसरलेल्या नाहीत. स्वयंपाकाचे सिलिंडर म्हणजे बंद लोखंडी भांडे. आत काय उरले आहे ते बाहेरून दिसत नाही. तरीही कित्येक घरांत त्यावर ओले फडके फिरवितात व थोडा वेळ थांबून पाहतात. वरचा भाग लवकर वाळतो, आणि जेथवर आत द्रवरूप वायू आहे तेथवरचा पत्रा थंड असल्यामुळे ओल टिकून राहते. ही युक्ती कोणत्या प्रयोगशाळेने शिकविली? १४.२ किलो वायू किती दिवस पुरवावयाचा याची चिंता जिला आहे, तिने ती शोधून काढली किंवा शेजारणीकडून उचलली. जे दिसत नाही ते दिसावे अशी गरज माणसाला मुळातच असते, असे यावरून आम्हांस वाटते.

विजेने मात्र ही रासच नाहीशी केली. धूर नाही, राख नाही, ढीग नाही. भिंतीवरील कळ दाबावी आणि काम व्हावे. हे सुख थोडे नव्हे. ज्यांनी ओल्या लाकडांपुढे फुंकणी घेऊन डोळे चोळले आहेत, त्यांच्यापुढे चुलीचे गोडवे गाण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु ढीग नाहीसा झाला तो केवळ आपल्या दारातून. दुसऱ्या कोणाच्या तरी दारात तो आहेच. आपल्या देशातील बहुतांश वीज अद्याप कोळशापासून होते, आणि अशा एका युनिटामागे सुमारे सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. महिना दीडशे युनिटे वापरणारे घर म्हणजे त्या हिशेबाने महिन्यास शंभर किलोच्या आसपास कोळसा. दोन पोती भरून. ती दोन पोती दर महिन्याच्या एक तारखेस कोणी आपल्या उंबऱ्याशी आणून ओतली असती, तर दिवाणखान्यातला रिकामा पंखा आपण किती वेळ फिरू दिला असता?

या संदर्भात हॉलंडमधील एक हकिकत आम्हांस फार बोधक वाटली. डोनेला मेडोज या अमेरिकन विदुषीने ती सांगितली आहे. त्यांच्या मृत्यूनंतर २००८ साली प्रसिद्ध झालेल्या 'थिंकिंग इन सिस्टिम्स' या ग्रंथातही ती आहे. ॲमस्टरडॅमजवळ एकाच वेळी, एकाच धर्तीवर बांधलेल्या घरांची एक वसाहत होती. फरक एवढाच की काही घरांत विजेचे मीटर तळघरात होते व काहींत पुढच्या दालनात, येता-जाता दिसेल असे. १९७०-७५ च्या दरम्यान खनिज तेलाची टंचाई झाली तेव्हा विजेच्या वापराकडे लोकांचे लक्ष गेले, आणि असे आढळले की काही घरे इतरांपेक्षा सुमारे एक तृतीयांश वीज कमी वापरीत आहेत. ही घरे पुढच्या दालनात मीटर असलेली होती. त्या काळच्या मीटरात काचेआड एक धातूची चकती फिरत असे. वापर वाढला की तिची गती वाढे. घरातील माणसे येता-जाता ती चकती पाहात होती, इतकेच.

ही कथा फार गोड आहे, आणि गोड कथेवर सर्वस्वी विसंबू नये हे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवितो, तेव्हा स्वतःही पाळले पाहिजे. ब्रिटनमध्ये नव्या मीटरांबरोबर घरात ठेवावयाचा एक छोटा आकडेदर्शक पडदा विनामूल्य देऊ करतात. स्वयंपाकघरातील ओट्यावर तो ठेवता येतो, आणि या घटकेस किती वीज चालली आहे ते दाखवितो. तेथील अनुभव पाहता बचत दोन-चार टक्क्यांच्या घरातच भरते. पुष्कळांचे कुतूहल काही महिन्यांत ओसरते व पडदा फळीवर जाऊन बसतो. म्हणून आकडा समोर लावला की एक तृतीयांश वीज वाचेल असे वचन आम्ही कोणास देत नाही. आमचे म्हणणे याहून साधे आहे. जिचा हात कळीवर आहे तिला, त्याच जागी आणि त्याच वेळी, कळ दाबल्याने काय झाले ते दिसले पाहिजे. पुढचे ती पाहून घेईल.

आपल्याकडे ते दिसते का? आमच्या इमारतीतील सर्व मीटरे जिन्याखालच्या एका कोंदट कोठडीत आहेत. तिला कुलूप असते आणि किल्ली पहारेकऱ्याकडे. बैठ्या घरांतून मीटर बाहेरच्या भिंतीवर, हात पोचणार नाही इतक्या उंचीवर. यामागे कारणे आहेत; वाचन घेणाऱ्यास सोयीचे पडते, चोरीस आळा बसतो. पण या सर्व सोयी मीटरकडे बाहेरून येणाऱ्याच्या. घरात राहणाऱ्याच्या सोयीचा विचार करून मीटर बसविल्याचे आम्ही तरी पाहिले नाही.

फिरती चकती आता बहुतेक ठिकाणाहून गेली. तिच्या जागी एक तांबडा बिंदू लुकलुकतो. या बिंदूला भाषा आहे हे आम्हांस पुष्कळ उशिरा कळले, आणि कळल्यावर इतका आनंद झाला की तो वाचकांपासून लपवून ठेवणे योग्य नव्हे. मीटरच्या दर्शनी पट्टीवर एक आकडा छापलेला असतो. आमच्या मीटरवर तो ३२०० आहे, काहींवर १६०० किंवा ६४०० असतो. त्याचा अर्थ असा की बिंदू इतक्या वेळा लुकलुकला म्हणजे एक युनिट संपले. आता घड्याळ घ्यावे, घरातील सगळे बंद करून एकच पंखा लावावा आणि एक मिनिटभर मोजावे. बिंदू चार वेळा लुकलुकला, तर तासात २४० वेळा. २४० ला ३२०० ने भागले की ०.०७५ युनिट, म्हणजे पंखा ७५ वॅटचा. नव्या प्रकारचे, ब्रशविरहित मोटारीचे पंखे साधारण तीस वॅट घेतात. तेथे दोन मिनिटांत जेमतेम तीनदा लुकलुक होते. नऊ वॅटच्या एलईडी दिव्यासाठी तर एका लुकलुकीची वाट दोन मिनिटे पाहावी लागते, आणि पाहणारे पोर कंटाळून जाते. मग पाणी तापविण्याची दीड हजार वॅटची कांडी लावावी. मिनिटास ऐंशी! बिंदू थरथरू लागतो, मोजता मोजता बोटे अडखळतात. आमच्या आजीच्या भाणाखालची आग अशी पुन्हा डोळ्यांना दिसते.

एक सूचना मात्र केलीच पाहिजे. हे सर्व दुरून पाहावयाचे आहे; मीटरला, त्याच्या झाकणाला किंवा तारांना हात लावावयाचा नाही. लहानांनी मोठे माणूस बरोबर घ्यावे.

आमच्या वर्गातील मुलांनी हा उद्योग उत्साहाने केला. एकाने सगळ्या कळी बंद केल्या असे समजून मोजले, तरी बिंदू अधूनमधून लुकलुकतच राहिला. शोधता शोधता दूरदर्शनाखालची पेटी सापडली. चित्र बंद, पण पेटी जागी. अशा पेटीने दहा वॅट घेतले तरी चार दिवसांत एक युनिट जाते, कोणी काही न पाहता. दुसऱ्या एका मुलीने आईला बोलावून इस्त्रीची लुकलुक दाखविली. त्या घरी आता आठवड्याचे कपडे एकाच वेळी होतात, असे तिने सांगितले. आई म्हणाली, "हे मला आधी कोणी का दाखवलं नाही?" हा प्रश्न आम्हांस अनेक शासकीय जाहिरातींहून मोलाचा वाटतो.

येथवर सारे ठीक चालले होते. पुढे आमच्या हातून एक चूक झाली, आणि तिची कबुली दिल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. चुरस लागली की मुले अधिक मन लावून काम करतात, या शिक्षकी समजुतीने आम्ही प्रत्येकाच्या घरचा आठवड्याचा आकडा फळ्यावर लिहून काढला. सर्वांत लहान आकड्याला टाळ्या मिळाव्यात असा बेत होता. ज्या मुलाचा आकडा सर्वांत लहान, त्याने तो सांगताना मान खाली घातली. दुसऱ्या आठवड्यात त्याचा आकडा एकाएकी वाढला. मधल्या सुट्टीत जवळ घेऊन विचारले तेव्हा कळले की तो त्याने मनानेच वाढविला होता. त्याच्या घरी एक दिवा, एक पंखा. थंड हवेचे यंत्र नाही, कपाट नाही. आमच्या फळ्यावर ते दारिद्र्य आकड्यांनी लिहिले गेले होते, आणि टाळ्या त्याला चेष्टेसारख्या वाटल्या असत्या. आम्ही फळा पुसला.

याच विषयावर अमेरिकेतील संशोधकांचा एक निबंध २००७ साली प्रसिद्ध झाला होता. कॅलिफोर्नियातील सॅन मार्कोस या गावी काही कुटुंबांना त्यांचा वीजवापर आणि शेजाऱ्यांची सरासरी असे दोन्ही आकडे कळविण्यात आले. ज्यांचा वापर सरासरीहून अधिक होता त्यांनी तो कमी केला. पण ज्यांचा कमी होता त्यांनी वाढविला! मात्र जेथे आकड्याशेजारी शाबासकीचे एक हसरे चित्र काढले, तेथे काटकसरी कुटुंबे काटकसरीच राहिली. आकडा दिसणे एवढेच पुरेसे नसते. तो कोणापुढे दिसतो आणि कोणत्या चेहऱ्याने दिसतो हेही पाहावे लागते. हे आम्हांस आधी ठाऊक असते तर एका मुलाला खोटे बोलावे लागले नसते.

त्या मुलाच्या घराविषयी आणखी थोडे सांगितले पाहिजे. सुरतेत कामासाठी आलेली आपली पुष्कळ माणसे, विशेषतः खानदेशातील, भाड्याच्या खोल्यांतून राहतात. एका ओळीत आठ-दहा खोल्या आणि सर्वांमिळून मालकाचे एकच मीटर, अशी व्यवस्था सर्रास आढळते. विजेचे पैसे भाड्यातच ठोक धरलेले. कूलर आणला तर त्याचे निराळे, दूरदर्शन आणले तर त्याचे निराळे. जेथे प्रत्येक खोलीस छोटे मीटर आहे तेथेही युनिटाचा दर मालक ठरवील तो. अशा घरातील बाईला "वीज वाचवा" म्हणून सांगण्यात काय अर्थ? तिने पंखा बंद केला काय आणि चालू ठेवला काय, तिच्या हिशेबात फरक पडत नाही. तिने वाचविलेले मालकाच्या खिशात पडते. आमच्या मुलाने आठवड्याचा आकडा आणला होता तो दिवा आणि पंखा यांचे वॅट व तास गुणून, वहीत हिशेब मांडून. त्याच्या घरास मीटरच नव्हते. वर्गात सर्वांत अधिक गणित त्याने केले होते, हे आमच्या लक्षात आले ते नंतर.

आता नव्या, स्मार्ट म्हणविल्या जाणाऱ्या मीटरांविषयी. केंद्र सरकारने २०२१ साली मंजूर केलेल्या योजनेत देशभर पंचवीस कोटी आगाऊ पैसे भरावयाची स्मार्ट मीटरे बसविण्याचा संकल्प होता. २०२४ च्या मे महिन्यात बडोदे व सुरत येथे लोकांनी त्यांस कडाडून विरोध केला. पूर्वीपेक्षा पैसे भराभर संपतात, अशी त्यांची तक्रार होती. शेवटी खातरजमेसाठी नव्या मीटराशेजारी जुने मीटरही लावून दाखवू, असे शासनास सांगावे लागले. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्रातही सामान्य ग्राहकांस अशी आगाऊ पैशाची मीटरे लावणार नाही, अशी घोषणा झाली.

वास्तविक या मीटरात आमच्या मनातली गोष्ट होती. दर अर्ध्या तासाचा वापर ते नोंदविते. मोबाइलवरील अ‍ॅपमध्ये तो पाहता येतो. मग लोक भ्याले का? अडाणीपणा हे उत्तर सोपे आहे, पण आम्हांस ते पटत नाही. या मीटरने प्रथम कंपनीला दिसू लागले. ग्राहकास दिसणे ही त्यामागून आलेली सवड. पैसे संपले की दुरूनच वीज तोडता येते, हे लोकांनी ऐकले होते. आपला वापर आपल्याला कसा वाचावयाचा, हे सांगण्यास दाराशी कोणी आले नव्हते. शिवाय तो अ‍ॅप बहुधा पुरुषाच्या मोबाइलवर. तो कारखान्यात बारा तासांच्या पाळीवर, आणि घरातील कळी आईच्या व मुलांच्या हाती. लोकांना पाहण्याचे वावडे नाही. आपल्यावर कोणी नजर ठेवावी याचे आहे. जी वस्तू घराने पाहावी म्हणून आली, तीच घराला पाहावयास आली आहे असे वाटले, तर तिच्यावर विश्वास कसा बसावा?

हा विश्वास दोन्ही बाजूंनी पाहता येण्यातून येतो. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेच्या ऊर्जा गटाने २००७ पासून महाराष्ट्रात एक उपक्रम चालविला. घरांतून छोटी नोंदयंत्रे बसवून वीज केव्हा गेली, दाब किती उतरला, हे मिनिटागणिक नोंदवावयाचे व सर्वांस पाहण्यास खुले करावयाचे. म्हणजे कंपनी आपला वापर पाहते तशी आपणही कंपनीची सेवा पाहावी. आणि परस्परांस दिसण्यात केवढी शक्ती आहे हे महाराष्ट्रातील खेड्यांनी दाखविले आहे. २००५ च्या सुमारास भारनियमन अंगावर आले असता अक्षय प्रकाश योजनेत सामील झालेल्या गावांनी संध्याकाळच्या वेळी शेतीपंप आणि पिठाच्या गिरण्या आपणहून बंद ठेवल्या. मोबदल्यात घरांतील दिवे चालू राहिले. तेथे मोबाइल नव्हता की आलेख नव्हता. पण चोरून पंप लावला तर त्याची घरघर गावभर ऐकू येणार, आणि दिवे गेले तर सर्वांचे जाणार, हे प्रत्येकास ठाऊक होते.

म्हणून आमचे मत असे की, मीटर कोठेही असो, त्याचा आकडा घरात असावा. स्वयंपाकघराच्या दाराशी, आईच्या व मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, मराठी वा गुजराती ज्या भाषेत घर बोलते त्या भाषेत. नव्या मीटरांबरोबर असा छोटा पडदा कंपन्यांनी द्यावा. तोवर बैठ्या घरांतून खडूने दाराच्या मागच्या फळीवर रोजचा आकडा लिहावा. एवढ्यास कोणाची परवानगी लागत नाही. भाड्याच्या खोल्यांना मात्र आधी प्रत्येकी स्वतःचे मीटर आणि योग्य दर मिळाला पाहिजे. ते होईपर्यंत त्यांस उपदेश करण्याचा अधिकार आम्हांपैकी कोणासही नाही.

फळा पुसल्यावर आमच्या वर्गाने काम सोडले नाही. कोणाच्याही घराचा आकडा लिहावयाचा नाही, शाळेचा लिहावयाचा, असे मुलांनीच ठरविले. गेल्या जुलैपासून रोज सकाळी अकरा वाजता दोन विद्यार्थी शिपाईकाकांबरोबर जाऊन मीटर पाहतात आणि कार्यालयाच्या दाराशी टांगलेल्या लहान फळ्यावर कालचा व आजचा आकडा लिहितात. घरी मीटर नसलेला तो मुलगा वजाबाकी तपासतो. पहिल्याच सोमवारी त्याने दाखवून दिले की शाळा बंद असूनही रविवारी आठ-नऊ युनिटे गेली आहेत. चार दिवस शोधाशोध झाली. संशय प्रथम संगणकाच्या खोलीवर होता. निघाले ते व्हरांड्यातील पाणी थंड करण्याचे यंत्र, कोणी पिणारे नसता रात्रंदिवस पाणी गार करीत बसलेले. आता शनिवारी दुपारी शिपाईकाका त्याची कळ बंद करतात. तरीही सोमवारी दोन युनिटे अधिक दिसतातच, आणि ती कोठे जातात हे अजून सापडलेले नाही. मुलांचा तर्क टाकीच्या मोटारीवर आहे.